एकल पियानोचा अल्बम आणि डाव्या हाताचा प्रश्न

खानापूर तालुक्यातील एका तरुण वादकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवत ते मोठे झाले, पुढे बेळगावात पियानो शिकले आणि गेली आठ वर्षे बेस व ड्रम्सच्या साथीने जॅझ वाजवत आहेत. आता साथीदारांशिवाय, केवळ पियानोचा, उत्स्फूर्त वादनाचा अल्बम करावा असे त्यांना वाटते. अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेटच्या, जर्मनीतल्या कोल्न शहरी झालेल्या कोल्न कॉन्सर्टप्रमाणे आधी काहीही न ठरवता तासभर वाजवणे हाच खरा एकल अल्बम का, आपण त्यासाठी तयार झालो आहोत हे कसे ओळखायचे, आणि आपल्याकडचा राग किंवा अभंग त्यात घ्यावा की नाही, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

तीस वर्षे हे वाद्य वाजवल्यावर आणि शिकवल्यावर मला हे तीन प्रश्न एकच वाटतात, आणि तो प्रश्न तुमच्या डाव्या हाताचा आहे. मीही पेटीवरूनच पियानोकडे आलो, म्हणून हे थोडे अधिकाराने लिहितो.

आपल्या भागात पेटीला फार मोठा मान आहे. पंडित रामभाऊ बिजापुरे (1917–2009) यांनी बेळगावच्या श्रीराम संगीत विद्यालयातून कितीतरी विद्यार्थी घडवले आणि पेटी हे केवळ साथीचे वाद्य नाही हे स्वतंत्र वादनातून दाखवून दिले. त्या परंपरेच्या सावलीत वाढलेल्या मुलाचा उजवा हात लवकर तयार होतो. मुरकी, हरकत, तान त्याच्या बोटांत बसलेली असते. डावा हात मात्र भात्यावर असतो. तो स्वर वाजवत नाही, स्वराला श्वास देतो: कुठे दाब वाढवायचा, कुठे सोडायचा, गायकाने दम घेतला की आपण कुठे थांबायचे, हे सगळे त्या हाताला कळत असते. पियानोसमोर बसल्यावर हे दोन्ही उलटे होते. हातोडी तारेवर आपटली की त्या क्षणापासून नाद विरू लागतो, त्याला मागून हवा देता येत नाही. आणि श्वासाचे काम सुटलेल्या डाव्या हातावर खर्ज, स्वरसंगती आणि लय अशी तीन नवी कामे येऊन पडतात. साथीला बेस आणि ड्रम्स असले की ही तिन्ही कामे वाटली जातात, त्यामुळे हात तयार झाल्याचा भास होतो. तुमची आठ वर्षे वाया गेली असे मी म्हणत नाही, परंतु त्या आठ वर्षांत तुमच्या डाव्या हाताला एकट्याने जबाबदारी घेण्याची वेळ क्वचितच आली असणार.

यात तुमचा दोष कमी आणि जॅझच्या इतिहासाचा भाग अधिक आहे. 1920च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जेम्स पी. जॉन्सन आणि फॅट्स वॉलर जे स्ट्राइड वाजवत, त्यात डावा हात पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर खर्जातला स्वर आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर मधल्या सप्तकातली कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, घेत उड्या मारत असे. एकटा माणूस म्हणजे अख्खा वाद्यमेळ. आर्ट टेटम याने ती शैली इतकी पुढे नेली की 1953 ते 1955 या काळात निर्माता नॉर्मन ग्रान्झने त्याची शंभराहून अधिक एकल मुद्रणे करून ठेवली. पण 1940च्या दशकात बीबॉप ही जॅझची वेगवान नवी शैली आली, लय बेस आणि ड्रम्सकडे गेली, आणि बड पॉवेलसारख्या वादकाचा डावा हात दोन-दोन स्वरांच्या तुरळक खुणांपुरता उरला. पुढे बिल एव्हन्सने त्रिकुटात कॉर्डचा मूळ स्वरच गाळून टाकला, कारण तो वाजवायला स्कॉट लाफारोसारखा बेसवादक शेजारी उभा होता. आज आपण ज्या पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून जॅझ पियानो शिकतो, ती बहुतेक याच मूळ स्वर गाळलेल्या कॉर्ड शिकवतात. त्या कॉर्ड एकट्याने वाजवल्या की अधांतरी लोंबकळतात, आणि वादकाला कळत नाही की आपले चुकते कुठे.

आता त्याच एव्हन्सने एकट्याने काय केले ते पाहा. डिसेंबर 1958 मध्ये मुद्रित झालेल्या 'पीस पीस' या तुकड्यात डावा हात साडेसहा मिनिटांहून अधिक काळ दोनच कॉर्ड झुलवत राहतो, आणि त्या झुलण्यावर उजवा हात आधी साधे, मग हळूहळू इतके बेसूर वाटावेत असे दूरचे स्वर घेतो की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. तरीही तोल जात नाही, कारण खाली घर पक्के आहे. आपल्या कानाला हे नवे नाही. तबल्याच्या एकल वादनात पेटीवाला लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनाएवढी एकच धून पुन्हा पुन्हा, धरतो तेव्हा तो हेच करत असतो. तुम्ही भजनाच्या किंवा तबल्याच्या कार्यक्रमात कधी अर्धा तास लेहरा धरला असेल, तर एकाच आवर्तनाला कंटाळा न येऊ देता जिवंत कसे ठेवायचे याचे शिक्षण तुम्हाला आधीच मिळालेले आहे. फक्त तेव्हा ते उजव्या हाताला मिळाले. ते डाव्याकडे उतरवणे हे तुमचे पुढच्या एका वर्षाचे काम आहे.

कोल्न कॉन्सर्टबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण त्या एका ध्वनिमुद्रणाने जितके तरुण पियानोकडे आणले तितक्याच तरुणांची दिशाभूलही केली आहे. 24 जानेवारी 1975 रोजी कोल्नच्या ऑपेरा हाउसमध्ये हा कार्यक्रम रात्री साडेअकराच्या सुमारास सुरू झाला. आयोजक व्हेरा ब्रान्डेस त्या वेळी अवघ्या 18 वर्षांच्या होत्या. मागितलेल्या मोठ्या पियानोऐवजी रंगमंचावर सरावासाठी ठेवलेला लहान बोझेनडॉर्फर आला होता. त्याचे वरचे स्वर पातळ आणि पत्र्यासारखे, खर्ज दुबळा, पेडल नीट न चालणारे. जॅरेटने वाजवण्यास आधी नकार दिला, मग ब्रान्डेस यांच्या विनंतीवरून तो बसला. ही कथा सांगताना लोक प्रतिभेचा चमत्कार सांगतात, परंतु वादकाने त्यातून ऐकायची गोष्ट वेगळी आहे. वरचे सप्तक कामाचे नाही म्हणून तो मधल्या सप्तकांत राहिला, आणि खर्जाला गुंज नाही म्हणून डाव्या हाताने एकच आकृती पुन्हा पुन्हा वाजवून ती गुंज निर्माण केली. पहिल्या भागातली सुमारे 12 मिनिटे ए मायनर सेव्हन आणि जी मेजर या दोनच कॉर्डवर उभी आहेत. दुसऱ्या भागाच्या आरंभी जवळजवळ आठ मिनिटे डी मेजरचा ठेका चालतो. म्हणजे ज्याला आपण 'काहीही न ठरवता' म्हणतो, त्यात डाव्या हाताने फार थोड्या गोष्टी फार पक्क्या ठरवलेल्या आहेत. शिवाय त्या मैफिलीचा अखेरचा तुकडा तर जॅरेटच्या आधीपासूनच्या एका रचनेवर आधारलेला आहे. तेव्हा रचना वाजवली म्हणजे उत्स्फूर्तता बाटली, हा समज सोडून द्या.

त्या रात्रीच्या आधी काय होते हेही पाहायला हवे. 1945 साली जन्मलेला हा माणूस आर्ट ब्लेकी, मग चार्ल्स लॉइड आणि मग माइल्स डेव्हिस यांच्या संचांत वाजवून आला होता. त्याचा पहिला एकल अल्बम 'फेसिंग यू' नोव्हेंबर 1971 मध्ये ऑस्लोत मुद्रित झाला, आणि त्यात तासभराचे एक अखंड वादन नव्हते, आठ आटोपशीर तुकडे होते. लांब उत्स्फूर्त मैफिली त्यानंतरच्या. 1973 मध्ये ब्रेमेन आणि लोझान येथे झालेल्या मैफिलींचे मुद्रण निघाले, त्यानंतर कोल्न, त्यानंतर 1976 मध्ये जपानमधल्या पाच शहरांतल्या मैफिली. माझा आग्रह असा आहे की तुम्ही कोल्न बाजूला ठेवून महिनाभर 'फेसिंग यू' ऐकावे. एकट्याने वाजवायला शिकणारा माणूस चार-पाच मिनिटांत एक विचार कसा मांडतो आणि तो संपला की कसा थांबतो, हे त्यात दिसते. थांबणे शिकवणारी मुद्रणे फार थोडी असतात.

आणि पुढचा भाग. 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात दीर्घ थकव्याच्या आजाराने जॅरेट मैफिलींपासून दूर गेला. 1998 मध्ये घरीच मुद्रित केलेल्या 'द मेलडी ॲट नाइट, विथ यू' या अल्बममध्ये जुन्या ओळखीच्या चाली आहेत, जवळजवळ सजावट न करता वाजवलेल्या. त्यानंतर 2002 मध्ये ओसाका आणि टोकियो येथे वाजवलेल्या मैफिलींत त्याने ते लांबलचक झुलते ठेके सोडून दिले आणि लहान, तुटक, परस्परांशी थेट न जोडलेले तुकडे वाजवले. ज्या सवयीमुळे जगाने त्याला ओळखले, तीच त्याने मोडली. 2018 मध्ये दोनदा पक्षाघाताचा झटका आल्यानंतर त्याचा डावा हात अधू झाला आणि मैफिली कायमच्या थांबल्या. एका उजव्या हाताने वाजवता येते, तो वाजवतोही. पण त्याचा एकल पियानो ज्या हातावर उभा होता तो गेला. ही बातमी आली तेव्हा मी बराच काळ पियानोसमोर बसून नुसता डाव्या हाताने सा आणि पंचम धरत राहिलो होतो.

कलावंताचा विकास पाहायला आपल्याला ऑस्लो-कोल्नपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत आणि सभागृहे थक्क होत. पुढे क्षयाने ते देवासला अंथरुणाला खिळले, वर्षानुवर्षे गाणे बंद झाले, आणि बरे झाल्यावर जे गाणे आले ते लहान लहान, झेप घेणाऱ्या आणि अचानक थांबणाऱ्या वाक्यांचे होते. त्यात माळव्याची लोकधून होती, कबीर होता. दम कमी पडतो म्हणून तसे गायले, इतके सोपे ते नाही, कारण दम कमी पडलेले सगळेच तसे गात नाहीत. अंथरुणावर पडून ऐकण्याची जी वर्षे मिळाली त्यांत त्यांनी काय टाकायचे ते ठरवले. नक्कल करण्याची अफाट शक्ती असलेल्या माणसाने नक्कल टाकली, ही गोष्ट तुमच्यासारख्या तयार हाताच्या वादकाने लक्षात घ्यावी.

तयारी ओळखायची कशी, या प्रश्नाला माझे उत्तर जॅझ पियानोवादक थेलोनिअस मंकच्या एका मुद्रणात आहे. एप्रिल 1957 मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये एकल अल्बमसाठी बसला होता, आणि स्वतःचीच जुनी रचना 'राउंड मिडनाइट' तो वीस मिनिटांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा वाजवत, थांबत, एखादी कॉर्ड बदलून पाहत, परत मागे जात होता. हा सगळा शोध टेपवर राहिला आणि पुढे प्रसिद्ध झाला. रचना त्याची, ती त्याने शेकडो वेळा वाजवलेली, तरी खालची बाजू अजून ठरत नव्हती. याच माणसाचे 1954 चे पॅरिसमधले, 1957 चे, 1959 चे सॅन फ्रान्सिस्कोतले आणि 1965 मध्ये निघालेले असे एकल अल्बम एकामागून एक ऐकले तर चाली जुन्याच आहेत आणि स्ट्राइडचा डावा हात अधिकाधिक रिकामा, अधिकाधिक ठाम होत गेला आहे असे मला ऐकू येते.

म्हणून तुम्ही असे करा. तीन चाली निवडा, अधिक नको. दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी त्या तीनही चाली मोबाइलवर मुद्रित करा आणि लगेच ऐकू नका; तीन महिन्यांनी सगळ्या एकत्र ऐका. ऐकताना उजव्या हाताकडे मुद्दाम दुर्लक्ष करा. डावा हात एकटाच ऐकला तरी चाल कुठे आहे, सम कुठे आहे आणि आता काहीतरी बदलणार आहे हे कळते का, एवढेच पाहा. कळत असेल तर तुम्ही तयार आहात. कळत नसेल तर उजव्या हाताची कितीही झळाळी त्याची भरपाई करू शकत नाही.

हे मी अनुभवाने लिहितो. माझे पहिले एकल मुद्रण मी सव्विसाव्या वर्षी केले, एका शहरातल्या चांगल्या स्टुडिओत, आणि ते कधीच बाहेर आले नाही. एकटे असल्याची भीती मनात होती, म्हणून एकही जागा रिकामी राहू नये अशा हट्टाने मी डावा हात अखंड चालवला. चाळीस मिनिटांत एकदाही शांतता नव्हती. दुसऱ्या दिवशी ऐकताना मला गुदमरल्यासारखे झाले. पेटीवर भाता कधी सोडायचा हे मला दहाव्या वर्षी कळत होते, आणि पियानोवर मी तो सोडायलाच विसरलो होतो. त्यानंतर तब्बल सहा वर्षे मी एकल मुद्रणाला हात घातला नाही, आणि त्याचा मला आज मुळीच पश्चात्ताप नाही.

आता राग आणि अभंग. घ्यावेत असेच माझे मत आहे, कारण तुमच्या कानाची पहिली भाषा ती आहे. पण खाली कॉर्डची रांग लावून नव्हे. अभंगाच्या खाली दर दोन मात्रांना कॉर्ड बदलली की तो आपल्या बेळगाव कॅम्पमधल्या चर्चच्या प्रार्थनागीतासारखा वाजू लागतो. ते गीत आपल्या जागी फार सुंदर असते, पण त्याची रचना स्वरसंगतीच्या चालण्यातून झालेली असते आणि अभंगाची एका स्थिर षड्जाभोवती. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा डाव्या हाताने दोन-तीन स्वरांत धरा, मृदंगाचा जो भरीव आणि जो बंद बोल आहे त्यांच्या जागा खर्जाच्या स्वराने आणि आखूड स्पर्शाने दाखवा, आणि चाल उजव्या हातावर सोडा. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, पियानोवर येत नाही, ती आणण्याचा खटाटोप करू नका. ब्लूज वाजवताना शेजारचा स्वर चिरडून मुख्य स्वरावर येतो तो आपला कणस्वरच आहे, तेवढा पुरेसा असतो.

रागात डाव्या हाताची निवड अधिक नाजूक होते. यमनचा तीव्र मध्यम पाहून जॅझवाले लगेच लिडियन, म्हणजे तीव्र मध्यमाचे पाश्चात्त्य सप्तक, म्हणतात आणि स्वरांपुरते ते बरोबरही आहे, परंतु यमनच्या चढत्या वाटेत षड्ज आणि पंचम टाळून 'नि रे ग, म ध नि' असे जातात. मग डाव्या हाताने सतत सा-पंचम दाबून ठेवला तर उजव्या हाताने जे जपले ते खालून पुसले जाते. यमनसाठी तानपुरा निषादाला लावतात, तेच इथे करा: खर्जातला सा आणि त्याच्या वरचा नि, मध्ये काही नाही. गंमत अशी की बड पॉवेलच्या डाव्या हातातही बऱ्याचदा हेच दोन स्वर असत, मूळ स्वर आणि सातवा. मालकंसात पंचम नाहीच, तिथे सा आणि मध्यम. अशा वेळी दोन परंपरा जवळ आणण्याचा वेगळा प्रयत्न करावा लागत नाही. तुमच्या हातात त्या आधीच शेजारी असतात. सगळा अल्बम रागांचा मात्र करू नका. दोन तुकडे पुरेत.

शेवटी मुद्रणाच्या व्यवहाराबद्दल थोडे, कारण आपल्या हवेत त्याला महत्त्व आहे. पियानोत सुमारे 230 तारा असतात आणि त्यांचा नाद ज्या लाकडी फळीतून घुमतो ती फळी पावसाळ्यात ओल पिऊन फुगते; स्वर चढतात, पट्ट्या अडकतात, फेल्ट जड होते. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे अधिक सांगायला नको. जून ते ऑक्टोबर मुद्रण ठरवूच नका. दिवाळीनंतर हवा कोरडी होत जाते आणि लाकडाला नव्या हवेशी जुळायला काही आठवडे लागतात, म्हणून डिसेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारी उत्तम. ट्यूनर बहुधा बाहेरगावाहून बोलवावा लागतो; त्याला दोनदा येण्याचे पैसे द्या, एकदा आठवडाभर आधी आणि एकदा मुद्रणाच्या दिवशी सकाळी, कारण एकाच वेळी खूप ओढलेल्या तारा चार दिवसांत पुन्हा उतरतात. टिळकवाडीत रेल्वे गेटजवळची खोली कितीही चांगली असली तरी गाड्यांच्या वेळा पाहून रात्रीच बसा. दोन मायक्रोफोन झाकणाजवळ आणि दोन खोलीत थोडे लांब ठेवा. लांबच्या जोडीत विरत जाणारा नाद येतो, आणि एकल वादनात तो नादच तुमचा साथीदार असतो.

दोन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी जे वाजेल ते सराव समजून वाजवा, पण मुद्रित करा. प्रत्येक तुकड्याचे तीनपेक्षा अधिक प्रयत्न करू नका, कारण चौथ्यापासून हात स्वतःचीच नक्कल करू लागतो. आणि घरची पेटी बरोबर न्या. सकाळी पियानोला हात लावण्याआधी अर्धा तास भाता चालवत तीच चाल पेटीवर वाजवा, म्हणजे कुठे दम घ्यायचा आहे ते डाव्या हाताला आठवेल. मग पेटी बंद करून थेट पियानोकडे जा आणि मुद्रण सुरू करायला सांगा.